मध्ययुगीन तंतुवाद्यांचे मोजमाप

मध्ययुगीन युरोपात तंतुवाद्ये विपुल होती, हे त्या काळच्या हस्तलिखितांतील चित्रांवरून आणि चर्चमधील शिल्पांवरून सहज दिसते. प्रत्यक्ष वाद्ये मात्र अगदी मोजकी उरली आहेत. चित्रातून वाद्याचा आकार कळतो, पण तबलीची जाडी किंवा पोकळीची खोली कळत नाही. म्हणूनच आज वाजवल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा मोठा आधार म्हणजे या थोड्या वाद्यांच्या नोंदी. अडचण अशी की, मूळ कारागिराने घडवले तसे वाद्य क्वचितच हाती येते.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ‘सिटोल’ हे याचे बोलके उदाहरण. सुमारे १२८० ते १३३० या काळात इंग्लंडमध्ये घडवलेले हे वाद्य जेमतेम ६१ सेंटिमीटर लांबीचे आहे. त्याचा सांगाडा, दांडी आणि शिर बॉक्सवुडच्या एकाच तुकड्यातून कोरलेले असून त्यावर पाने, प्राणी आणि शिकारीची दृश्ये आहेत. सोळाव्या शतकात या छेडून वाजवायच्या वाद्याचे गजाने वाजवायच्या व्हायोलिनसदृश वाद्यात रूपांतर झाले. खुंट्यांवरील चांदीच्या झाकणावर राणी एलिझाबेथ पहिली आणि तिचा मर्जीतला सरदार रॉबर्ट डडली यांची राजचिन्हे आहेत; वाद्यावर १५७८ हे सालही कोरलेले आहे.

म्हणजे येथे मोजपट्टी लावण्यापूर्वीच कोणता भाग कोणत्या काळातला, हे ठरवावे लागते. आजची तबली, घोडी आणि बोटे ठेवण्याची पट्टी ही व्हायोलिनच्या जुळणीतली आहे. तारेची कंप पावणारी लांबी हे तंतुवाद्याचे सर्वांत कळीचे माप, कारण स्वराची उंची आणि तारेचा ताण तिच्यावर अवलंबून असतो. मूळ घोडीच नाहीशी झाल्याने सिटोलचे ते माप घेता येत नाही. सांगाड्याच्या प्रमाणांवरून आणि समकालीन चित्रांवरून त्याचा केवळ अंदाज बांधता येतो. नोंद करणाऱ्याने हा अंदाज प्रत्यक्ष मापांच्या रांगेत बसवला, तर पुढचे कारागीर तो पुरावा समजून शेकडो प्रतिकृती करतील. नावाचीही गत तीच झाली होती. हे वाद्य अनेक वर्षे ‘गिटर्न’ म्हणून ओळखले जाई. १९७७ मध्ये लॉरेन्स राइट यांनी गॅल्पिन सोसायटीच्या नियतकालिकात या दोन नावांची अदलाबदल झाल्याचे दाखवून दिले.

लाकूडही स्थिर नसते. ते वाळताना रेषांच्या दिशेने फारसे आकसत नाही, आडवे मात्र बरेच आकसते; त्यामुळे मुळात गोल असलेले छिद्र कालांतराने किंचित लंबगोल होते. रुंदीचा आकडा म्हणूनच कुठे, कशाने आणि किती आर्द्रतेत घेतला, हे लिहिल्याशिवाय अपुरा ठरतो. जर्मनीतील ट्रॉसिंगन येथे २००१-०२ च्या हिवाळ्यात सापडलेले सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचे लायर ओल्या मातीमुळे टिकले. थडग्याच्या लाकडावरील वार्षिक वलयांवरून त्याचा काळ इ. स. ५८० च्या सुमाराचा ठरतो. असे पाण्याने भिजलेले लाकूड कसेही वाळू दिले, तर मापेच बिघडतात.

याउलट, इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये हाती आले ते केवळ मेपलचे तुकडे. ते आधी लहान हार्पच्या आकारात जुळवण्यात आले. पुढे सांधे आणि धातूच्या पट्ट्या नव्याने तपासल्यावर ते लायर असल्याचे स्पष्ट झाले. तुकडे तेच होते, वाद्य मात्र बदलले!

क्ष-किरण आणि सीटी स्कॅनमुळे आता वाद्य न उघडता आतली जाडी कळू शकते. तरीही हत्याराच्या खुणा, बुजवलेली छिद्रे, सरसाचे डाग आणि बोटांनी झिजलेली कड टिपायला प्रशिक्षित डोळाच लागतो. दुरुस्तीच्या नावाखाली लाकूड घासून लखलखीत केले, तर या खुणा सर्वांत आधी पुसल्या जातात. त्यामुळे छायाचित्रे, रेखाटने आणि मापे पूर्ण झाल्याखेरीज अशा वाद्यावर हत्यार चालवणे टाळावे.