नट, खेळाडू आणि वेतनाची कमाल मर्यादा

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात १९१३ हे वर्ष फुटीचे म्हणून ओळखले जाते. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. नट फोडणे, नट राखणे हे मंडळ्यांचे नित्याचे राजकारण होते. परंतु एखाद्या मंडळीने नटांवर किती पैसा ओतावा, याला बाहेरून कोणी मर्यादा घातली नव्हती.

खेळाच्या जगात अशी मर्यादा एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगने १९८४-८५च्या हंगामापासून घातली : संघामागे ३६ लाख डॉलर्स. सारे गुणी खेळाडू श्रीमंत संघांकडेच जाऊ नयेत, हा हेतू. मात्र स्वतःचा खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडण्याची मुभा ठेवली गेली. मर्यादेपलीकडे गेलेल्या संघाला अदलाबदल करताना येणाऱ्या व जाणाऱ्या वेतनांचा मेळ घालावा लागतो. त्यामुळे कित्येकदा खेळाडू मागितला जातो तो त्याच्या कौशल्यासाठी नव्हे, तर त्याचा करार लवकर संपतो म्हणून !

आपल्याकडे हे गणित २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये दिसते. चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाईला २०१८ साली यू मुंबाने ३६.४० लाखांना घेतले. त्या हंगामात त्याने चढायांचे २१८ गुण मिळवले. २०१९च्या लिलावात तो १.४५ कोटींना तेलुगू टायटन्सकडे गेला. संघाची थैली ४.४० कोटींची, म्हणजे तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका चढाईपटूवर. थैली ठरलेली असली की खेळाडूचा भाव जितका चढतो, तितके त्याला राखणे जुन्या संघाला जड जाते. २०२३ साली याच टायटन्सनी ५ कोटींतले २.६०५ कोटी पवन सेहरावतवर खर्चले. त्या हंगामात २२ सामन्यांपैकी त्यांनी अवघे २ जिंकले आणि ते तळाला राहिले.

मर्यादेने संघासंघांत समता येते, हे मान्य करावे लागेल. पण तिची किंमत कोण मोजतो ? १९१३ साली बालगंधर्व स्वतःच्या निर्णयाने गेले. पुढे कर्जाचा डोंगरही त्यांच्याच माथी आला. लिलावातल्या खेळाडूला असे कर्ज नाही, हे खरे. पण कोठे जायचे, हा निर्णयही त्याचा नाही.