दंडकारण्याचा पत्ता

सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी संकल्प सांगू लागले की आपलं सगळं लक्ष पळी-पंचपात्राकडे असतं. एकदा शब्द नीट ऐका. त्यात यजमानाचा पूर्ण पत्ता असतो. जंबुद्वीप, भरतवर्ष करत करत गाडी येते दंडकारण्यात, गोदावरीच्या उत्तर तीरावर. म्हणजे दिग्रसला स्लॅबच्या घरात, फ्रीजशेजारी चौरंग मांडून बसलेला माणूस चक्क दंडकारण्यात बसलेला असतो!

गंमत म्हणजे हिशेब बरोबर आहे. आपली अरुणावती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. पुढे वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. म्हणजे खोरं गोदावरीचंच, तेही उत्तरेचं.

पण हे दंडकारण्य नेमकं कुठून कुठपर्यंत? उत्तरकांडातली कथा अशी की इक्ष्वाकूचा धाकटा मुलगा दंड विंध्य आणि शैवल पर्वतांच्या मधल्या मुलखाचा राजा होता. त्याने शुक्राचार्यांच्या मुलीवर, अरजेवर, बलात्कार केला. ऋषींच्या शापाने सात दिवस धुळीचा पाऊस पडला, राज्य नष्ट झालं आणि तिथे अरण्य उगवलं. थोडक्यात, एका गुन्ह्यातून उगवलेलं हे जंगल!

अरण्यकांडात या जंगलाला सीमा नाहीत, फक्त अंतरं आहेत. सुतीक्ष्णाच्या आश्रमापासून दक्षिणेला चार योजनं गेलं की अगस्त्यांच्या भावाचा आश्रम, पुढे एक योजन अगस्त्यांचा, तिथून दोन योजनं पंचवटी. वाटेत पंचाप्सर सरोवर, ज्याच्या पाण्याखालून गाणं-बजावणं ऐकू येतं. जनस्थानात खर आणि त्याचे चौदा हजार राक्षस. हा सगळा नकाशा आश्रमाआश्रमाने चालणाऱ्याचा आहे.

अभ्यासकांनी हे जंगल कागदावर उतरवायचा प्रयत्न केलाच. पार्गिटर यांनी १८९४ मध्ये रामाच्या वनवासाच्या भूगोलावर लेख लिहिला आणि दंडकारण्य बुंदेलखंडापासून कृष्णेपर्यंत पसरवलं. त्यात अर्थातच आपणही आलो. सांकलियांनी तर लंकाच मध्य प्रदेशात आणली. १९५८ मध्ये भारत सरकारने पूर्व पाकिस्तानातल्या निर्वासितांसाठी दंडकारण्य प्रकल्प काढला, तो बस्तर, कोरापुट, कालाहंडीत. तेव्हा सरकारी दंडकारण्य आपल्याला सोडून पूर्वेला सरकलं. पुढे वर्तमानपत्रांत हे नाव येऊ लागलं ते नक्षलवाद्यांच्या बातम्यांत.

नाव तेच, पण प्रत्येक वेळी ते कुणीतरी बाहेरून येऊन ठेवलेलं. ऋषी, राजपुत्र, इंग्रज अधिकारी, दिल्लीची फाइल. जंगलात आधीपासून राहणारे त्याला काय म्हणत होते, हे यातल्या एकाही नकाशात नाही.

आणि हा प्रश्न रामायणातच एकीने जवळजवळ विचारला आहे. ती सीता. दंडकारण्यात पुढे निघताना ती रामाला म्हणते की या लोकांशी आपलं वैर नाही, मग शस्त्रं घेऊन त्यांच्यावर का जायचं? ती एका तपस्व्याची गोष्टही सांगते. इंद्राने त्याच्याकडे तलवार ठेव म्हणून दिली. ती सांभाळता सांभाळता तो क्रूर झाला आणि नरकात गेला. रामाचं उत्तर असं की ऋषींना शब्द दिला आहे, तो मोडता येणार नाही. त्याची बाजू खोटी नाही, राक्षस ऋषींना मारत होतेच. पण कीर्तन-प्रवचनात शूर्पणखा हमखास येते, सीतेचा हा प्रश्न क्वचितच.

आपल्या जिल्ह्यात कोलामांचे पोड आहेत. त्यांची कोलामी मराठीच्या नव्हे, तेलुगू-गोंडीच्या कुळातली. सरकारी यादीत महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास जमातींपैकी ही एक, दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. त्यांचा रामायणातल्या कुणाशी संबंध जोडायचा नाही, त्याला पुरावा नाही. पण या डोंगर-नाल्यांना त्यांची स्वतःची नावं असणारच. ती आपण कधी विचारली?

रामायणातलं जंगल कुठे होतं यावर वाद चालूच राहील, चालू द्या. पोडावरच्या म्हाताऱ्यांना जवळच्या नाल्याचं नाव विचारायला मात्र कुठल्या पार्गिटरची गरज नाही. तुमच्या गावाजवळ पोड असेल तर विचारून बघा, आणि मलाही कळवा.