अमेरिका वि. वेस्टिंगहाउस इलेक्ट्रिक कॉर्पोरेशन

अमेरिका वि. वेस्टिंगहाउस इलेक्ट्रिक कॉर्पोरेशन हा कामगारांच्या वैद्यकीय नोंदी सरकारी चौकशीसाठी मिळवण्याच्या अधिकाराविषयीचा खटला आहे. तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्याचा निकाल १९८० मध्ये दिला.

पेनसिल्व्हेनियातील ट्रॅफर्ड येथील कारखान्यात रसायनांमुळे कामगारांना ॲलर्जी होत असल्याची तक्रार १९७८ मध्ये कामगार संघटनेने राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेकडे केली. संस्थेने चौकशीसाठी वैद्यकीय नोंदी मागितल्या. कामगारांच्या लेखी संमतीशिवाय त्या देण्यास कंपनीने नकार दिला.

अशा नोंदींना खासगीपणाचे घटनात्मक संरक्षण असले, तरी ते निरपवाद नाही, असे न्यायालयाने ठरवले. नोंदीचे स्वरूप, ती उघड झाल्यास संभवणारी हानी, गोपनीयता राखण्याची व्यवस्था, चौकशीची निकड अशा सात निकषांवर तोलून न्यायालयाने संस्थेचा अधिकार मान्य केला. क्ष-किरण किंवा रक्ततपासणीचे अहवाल फारसे नाजूक नसले, तरी एखाद्या नोंदीत अधिक खासगी बाब असू शकते. म्हणून कामगारांना आगाऊ सूचना देण्याची अट घातली गेली. ठरावीक मुदतीत लेखी हरकत न घेतल्यास संमती गृहीत धरली जाणार होती. कंपनीची मागणी आणि न्यायालयाची अट यांतील खरा फरक येथेच आहे: कंपनीच्या अटीनुसार मौन म्हणजे नकार ठरला असता, निकालानुसार ते संमती ठरले. हे सात निकष पुढे इतर खटल्यांतही वापरले गेले.