उन्हात बाईक अधूनमधून बंद पडते? पार्ट बदलण्याआधी फॉल्ट पकडा

मे महिना, दुपारचा दीड वाजलाय. मुंबई-गोवा हायवे सोडून तुम्ही पालीला कोल्हापूरच्या रस्त्याला लागलात. नाणीज जवळ येतंय, पुढे डंपर, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये. आणि अचानक इंजिन बंद. गाडी कडेला घेता, वीस मिनिटं सावलीत थांबता, बटण दाबता आणि गाडी सुरू! जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेता. तिथे ती दिवसभर गुणी बाळासारखी चालते. उत्तर ठरलेलं: "सर, काही फॉल्ट दिसत नाही."

माझं असंच झालं होतं. तीनदा गाडी बंद पडली, अंदाजाने प्लग बदलला, मग फ्युएल पंप बदलला. चौथ्यांदा ती आंबा घाटातल्या वळणावर बंद पडली, तेव्हा मागे लोड भरलेला ट्रक होता. त्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून हा लेख लिहितोय. त्या दिवशी ठरवलं, आता पार्ट नाही बदलायचा, आधी फॉल्ट रंगेहाथ पकडायचा.

अधूनमधून येणारा फॉल्ट वेगळा का?

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात त्रासदायक बग कुठला? जो डेव्हलपरच्या मशीनवर कधीच दिसत नाही. असा बग अंदाजाने कोड बदलून सुटत नाही. तो कुठल्या परिस्थितीत येतो ते आधी शोधावं लागतं आणि त्या क्षणाचा लॉग लागतो. बाईकचंही तेच आहे. थंड गाडी तपासून गरम गाडीचा फॉल्ट सापडत नाही.

हा लेख एका मॉडेलबद्दल नाही. हिमालयन असो, एक्सपल्स असो, ३९० अ‍ॅडव्हेंचर असो की व्ही-स्ट्रॉम एसएक्स, आजच्या सगळ्या अ‍ॅडव्हेंचर बाईकमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे आणि निर्णय ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर घेतो. त्यामुळे तपासाची पद्धत एकच.

कोकणात ३४ डिग्रीला इंजिन का तापतं?

विदर्भात पारा ४५ ला जातो, रत्नागिरीत तेवढा नाही. पण इंजिनाला हवेच्या तापमानाइतकाच हवेचा झोत महत्त्वाचा असतो. चढ, लोड आणि ताशी १५ किलोमीटरचा वेग एकत्र आले की उष्णता जास्त तयार होते आणि बाहेर कमी जाते. टाकीखालची जागा, वायरिंग, सेन्सर सगळं हळूहळू तापत जातं. म्हणूनच गाडी निघाल्या निघाल्या बंद पडत नाही, अर्ध्यापाऊण तासाने पडते.

कोकणात अजून एक गोष्ट आहे. खारी, दमट हवा आणि चार महिने पाऊस. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. थंड असताना तो कसाबसा करंट जाऊ देतो, तापल्यावर आणि हादऱ्यांनी संपर्क सुटतो.

प्रश्न पहिला: गाडी कशी बंद पडली?

*स्विच ऑफ केल्यासारखी, एका क्षणात.* संशय इलेक्ट्रिकलवर: क्रँक सेन्सर, साइड स्टँड स्विच, किल स्विच, रिले, बॅटरीचं टर्मिनल.

*आधी अडखळली, ताकद गेली, मग बंद.* संशय पेट्रोलवर: टाकीचा व्हेंट, पंप, फिल्टर.

*फक्त थांबताना, क्लच दाबल्यावर किंवा सिग्नलला.* संशय आयडलवर: थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल व्हॉल्व्ह किंवा घट्ट झालेलं टॅपेट.

प्रश्न दुसरा: आरपीएमचा काटा कसा पडला?

हा सगळ्यात उपयोगी पुरावा आहे आणि बहुतेक जण तो बघतच नाहीत. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच सोडलेला आहे, म्हणजे चाक अजून इंजिनाला फिरवतंय. पेट्रोल तुटलं असेल तर आरपीएम वेगाबरोबर हळूहळू उतरतो. पण गाडी ४० च्या वेगाने चालतेय आणि आरपीएम एकदम शून्य दाखवतोय, तर इंजिन फिरत असूनही ईसीयूला ते कळत नाहीये. कारणं दोनच: क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला किंवा ईसीयूचा सप्लायच तुटला.

या दोघांतला फरक कडेला थांबल्यावर लगेच कळतो. किल स्विच चालू ठेवून चावी ऑन करा. टाकीतून दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा पंपाचा आवाज येतो का? आला तर ईसीयू जागा आहे, संशय सेन्सरकडे जातो. नाही आला तर फ्यूज, रिले, किल स्विच, वायरिंग किंवा खुद्द पंप. हा आवाज नेहमी कसा येतो ते घरी शांतपणे एकदा ऐकून ठेवा.

प्रश्न तिसरा: परत कशी सुरू झाली?

- *टाकीचं झाकण उघडल्यावर 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली:* व्हेंट बंद आहे. पेट्रोल कमी होताना टाकीत हवा शिरत नाही, आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. बीएस-६ गाड्यांत टाकीतली वाफ नळीने कार्बनच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते. ती नळी कुठे दुमडली किंवा मातीने बुजली नाही ना ते बघा. झाकण उघडताना जवळ सिगारेट नको, गरम इंजिनावर थेंब सांडायला नको.
- *वीस-तीस मिनिटं थंड झाल्यावरच सुरू झाली:* क्रँक सेन्सर किंवा पंप. पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. रिझर्व्हवर चालवताना त्रास वाढत असेल तर पंपाकडे बघा.
- *स्टँड पायाने वर-खाली केल्यावर सुरू झाली:* साइड स्टँडचा स्विच. लाल मातीचा थर किंवा सैल स्प्रिंग असेल तर खड्ड्यात स्टँड उडतो, ईसीयूला वाटतं स्टँड खाली आहे आणि तो इंजिन बंद करतो.
- *हँडल वळवल्यावर किंवा वायर हलवल्यावर सुरू झाली:* वायरिंग. हँडलच्या मानेजवळ वायर घासते, ती जागा आधी बघा.
- *डॅशबोर्डही विझला होता:* बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर, मेन फ्यूज.

मोबाईल बनवा लॉगर

१. डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या. फोन चेस्ट माउंटवर लावा, शक्य असेल तर जुना फोन वापरा. मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची क्षमता घटू शकते, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय. आयफोनसाठी वापराचं तापमान ०° ते ३५° दिलेलं आहे, त्यामुळे गाडीआधी फोनच तापून बंद पडायला नको.

२. थांबल्यावर लगेच व्हॉइस नोट करा. वेळ, गिअर, वेग, टाकीत पेट्रोल किती, फॅन चालू होता का, कुठले दिवे लागले. अर्ध्या तासाने आठवणीवर विसंबलात तर अर्धं चुकीचं सांगाल.

३. लोकेशन सेव्ह करा. चार वेळचे पिन मॅपवर टाकले की पॅटर्न दिसतो: दरवेळी चढावर? दरवेळी खड्ड्यानंतर? दरवेळी किती मिनिटांनी?

४. कोड वाचा. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत सीटखाली सहा पिनांचा लाल सॉकेट असतो. त्याला अडॅप्टर केबल आणि ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावून फोनवर कोड वाचता येतात. प्रत्येक गाडी साध्या अ‍ॅपशी बोलेलच असं नाही, पण करून बघा. ओळखीचे कोड: पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०२३० पंपाचं सर्किट, पी०५०५ आयडल कंट्रोल, पी०५६२ कमी व्होल्टेज. आणि कोड नाही म्हणजे फॉल्ट नाही, असं समजू नका. क्षणभर तुटलेला सिग्नल कधीकधी नोंदलाच जात नाही.

मल्टिमीटर असेल तर

गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.५ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सुरू करून चार हजार आरपीएमला नेलं की साधारण १३.५ ते १४.५ यायला हवेत. हे माप थंड आणि पूर्ण गरम, अशा दोन्ही वेळा घ्या. थंड असताना १४.२ आणि गरम झाल्यावर १२.३ येत असेल तर चार्जिंगमध्ये गडबड आहे. रेग्युलेटर, स्टेटर आणि त्यांचे कनेक्टर तपासून घ्या.

सगळा दोष पेट्रोलचा?

"ई-२० आल्यापासून असं होतंय" हे सगळीकडे ऐकू येतं. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे दमट हवेत महिनोनमहिने उभ्या गाडीत त्रास होऊ शकतो, हे खरं. पण पाणी मिसळलेलं पेट्रोल सकाळी थंड इंजिनालाही छळतं. तुमची गाडी सकाळी मस्त चालते, पाऊण तासाने बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा मस्त चालते, तर पेट्रोलला शिव्या देण्याआधी उष्णतेने बिघडणारी वस्तू शोधा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत नळीत वाफ अडकून इंजिन बंद पडायचं. इंजेक्शनच्या गाड्यांत पंपाचा दाब साधारण ३ बार असतो, त्यामुळे ती शक्यता बरीच कमी.

माझ्या गाडीत काय निघालं?

पाचव्या वेळी व्हिडिओ चालू होता. वेग ३८, तिसरा गिअर, क्लच सोडलेला, आरपीएम शून्य. कडेला थांबल्यावर पंपाचा आवाज आला, स्टार्टर फिरला, पण काटा हलला नाही. मेकॅनिकला तो व्हिडिओ दाखवला. त्याने गाडी मुद्दाम तापवून क्रँक सेन्सरला मीटर लावला, तर सर्किट तुटलेलं. थंड झाल्यावर तोच सेन्सर एकदम नॉर्मल! आतली बारीक तार गरम होऊन प्रसरण पावली की तुटायची, थंड झाली की जुळायची. आधी बदललेला प्लग आणि पंप दोन्ही चांगले होते, पैसे वाया. एक लक्षात ठेवा: काही गाड्यांत हॉल प्रकारचा सेन्सर असतो, तो नुसत्या ओहममध्ये तपासता येत नाही. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच मोजा.

म्हणून सर्व्हिस सेंटरला "गाडी बंद पडते" एवढंच सांगू नका. "४० मिनिटांनी, चढावर, आरपीएम एकदम शून्य, पंपाचा आवाज येतो, २० मिनिटांनी सुरू होते" असं सांगा, व्हिडिओ दाखवा आणि गाडी गरम करूनच तपासा म्हणून आग्रह धरा.

रस्त्यात बंद पडली तर

तपास नंतर, जीव आधी. क्लच दाबा, इंडिकेटर द्या, आहे त्या वेगातच डाव्या कडेला या. वळणावर परत स्टार्ट करत बसू नका. पुढच्या सरळ पट्ट्यापर्यंत गाडी ढकला, हॅझर्ड लाइट असेल तर लावा आणि स्वतः गाडीच्या मागे उभे राहू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, इमर्जन्सी असेल तर ११२. मित्राला बोलवताना नुसतं "पालीजवळ आहे" म्हणू नका, लाइव्ह लोकेशन पाठवा. नाहीतर तो रायगडातल्या बल्लाळेश्वराच्या पालीला पोचेल आणि तुम्ही इकडे उन्हात त्याची वाट बघत बसाल.

आणि फॉल्ट सापडेपर्यंत घाट नको. टेस्ट करायचीच असेल तर गावाजवळच्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर करा, सोबत दुसरी गाडी ठेवा.