गाजरातील पुं-वंध्यत्व

गाजरातील पुं-वंध्यत्व : गाजराच्या चामरकल्प फुलोऱ्यात अतिशय बारीक फुले शेकड्यांनी येतात. प्रत्येक फळात जेमतेम दोन बिया धरत असल्याने हाताने केसरदले खुडून संकरित बी मोठ्या प्रमाणावर तयार करणे व्यवहारात अशक्यच असते. त्यामुळे निसर्गतः पराग न देणारी झाडे सापडल्यावरच या पिकात संकरज वाणांचा मार्ग खुला झाला.

असे पहिले झाड ‘टेंडरस्वीट’ या अमेरिकन वाणात आढळले. त्याचे वर्णन जे. ई. वेल्श व ई. एल्. ग्रिंबॉल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील परागकोश तपकिरी पडून सुकत व फुटत नसत. पुढे १९५३ मध्ये एच्. एम्. मंगर यांना मॅसॅचूसेट्स राज्यातील रानगाजरात वेगळाच प्रकार मिळाला. त्यात केसरदलांच्या जागी पाकळ्यांसारखे अवयव येतात. ज्या रानगाजराला शेतकरी तण समजून उपटतो, त्यानेच पुढे या पिकाला सर्वांत उपयुक्त वंध्यत्व दिले, हे लक्षणीय आहे.

दोन्ही प्रकारांत दोष कोशिकाद्रव्यातून, म्हणजे मातेकडून, संततीत येतो. परंतु तो प्रकट होणे प्रकलातील जीनांवर अवलंबून असते. पी. ई. हान्शे व डब्ल्यू. एच्. गेबलमन यांनी १९६३ मध्ये तपकिरी प्रकारावर दोन जीनांचे नियंत्रण असल्याचे दाखविले. हा प्रकार उष्ण हवेत कधीकधी पराग देऊ लागतो व मग बियाण्यात स्वपरागित झाडांची भेसळ होते. पाकळीसदृश प्रकार अधिक स्थिर असल्याने व्यापारी बीजोत्पादनात तोच रूढ झाला. कलकणूंतील जीनांमध्ये दिसणारे फरक या वंध्यत्वाशी निगडित असल्याचे नंतरच्या संशोधनातून आढळले.

मक्यात दाणे धरण्यासाठी संकरज झाडाची जननक्षमता परत आणावी लागते. गाजराचे मूळच खावयाचे असल्याने येथे त्याची गरज नसते. वंध्य ओळ टिकविणारी जोडओळ मात्र अनिवार्य असते. सतत अंतःप्रजनन केल्यास गाजराचा जोम झपाट्याने घटतो व बी कमी येते. म्हणून पुष्कळदा दोन ओळींच्या संकरातून मिळालेली वंध्य झाडेच माता म्हणून घेऊन त्रि-ओळ संकर करतात.

एकाच कोशिकाद्रव्यावर विसंबणे धोक्याचे असते. अमेरिकेत १९७० मध्ये ‘टेक्सस’ कोशिकाद्रव्य असलेला मका करपा रोगाने मोठ्या प्रमाणावर नष्ट झाला. गाजरात तशी आपत्ती ओढवलेली नसली, तरी रानगाजरांतून नव्या कोशिकाद्रव्यांचा शोध पैदासकारांनी चालू ठेवला, तो याच कारणाने.