मद्यविक्रीच्या वेळांचे नियमन, इंग्लंड व वेल्समधील

इंग्लंड व वेल्समध्ये पब या नावाने ओळखली जाणारी सार्वजनिक मद्यगृहे रात्री किती वाजेपर्यंत उघडी असावीत व ते कोणी ठरवावे, हा प्रश्न तेथील स्थानिक शासनाच्या इतिहासात वारंवार उद्‌भवलेला आहे. सुमारे साडेचारशे वर्षे परवान्यांची सत्ता मुख्यत्वे जस्टिस ऑफ द पीस या मानसेवी दंडाधिकाऱ्यांकडे होती. २००५ मध्ये ती लोकनियुक्त स्थानिक परिषदांकडे आली. स्थानिक जीवनाशी निगडित असलेले निर्णय मतदारांस जबाबदार असलेल्या प्रतिनिधींनी घ्यावेत, असे या सत्तांतराचे समर्थन करण्यात आले. परंतु ज्या कायद्याने परिषदांना हा अधिकार दिला, त्यानेच त्यांचे हात बऱ्याच अंशी बांधलेही.

सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत १५५२ साली संमत झालेल्या कायद्याने मद्यगृह चालविण्यास दोन दंडाधिकाऱ्यांची अनुमती आवश्यक ठरविली. १८३० च्या बिअरविषयक कायद्याने ही व्यवस्था मोठ्या प्रमाणात मोडली. दोन गिनी शुल्क भरणाऱ्या करदात्यास अबकारी खात्याकडून बिअरविक्रीचा परवाना मिळू लागला आणि अल्पावधीत सर्वत्र बिअरगृहे निघाली. दंडाधिकाऱ्यांचे त्यांवरील नियंत्रण १८६९ मध्ये पुन्हा प्रस्थापित झाले. रात्रीच्या वेळांना देशव्यापी कायदेशीर स्वरूप आले ते ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळातील गृहमंत्री हेन्री ब्रूस याने मांडलेल्या १८७२ च्या कायद्याने. त्याने लंडनमध्ये मध्यरात्र व अन्यत्र सामान्यतः रात्री ११ ही बंद होण्याची वेळ ठरविली. मद्यविक्रेते उदारमतवादी पक्षावर रुष्ट झाले. १८७४ च्या निवडणुकीतील आपल्या पराभवाचे खापर ग्लॅडस्टनने जिन व बिअर यांच्या लोंढ्यावर फोडले. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या हुजूर पक्षाने लंडनची वेळ अर्ध्या तासाने वाढविली, शहरांत ११ व ग्रामीण भागात १० ही वेळ ठेवली. अर्ध्या तासाच्या या सवलतीवरून मद्यविक्रेत्यांच्या राजकीय वजनाची कल्पना येते.

दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांची मागणी याहून मूलगामी होती. मँचेस्टर येथे १८५३ साली स्थापन झालेल्या युनायटेड किंग्डम अलायन्स या संघटनेचा आग्रह असा, की दोनतृतीयांश करदात्यांनी मत दिल्यास त्या भागात मद्यविक्री पूर्णपणे बंद करता यावी. सर विल्फ्रिड लॉसन यांनी या आशयाचे विधेयक १८६४ पासून अनेकदा मांडले. ते संमत झाले नाही. सक्तीने शुद्धीवर ठेवलेल्या इंग्लंडपेक्षा स्वतंत्र इंग्लंड बरे, या आशयाचे पीटरबरोचे बिशप मॅगी यांचे १८७२ मधील उद्‌गार याच वादातले. वेल्समध्ये मात्र नॉनकन्फॉर्मिस्ट पंथीयांच्या प्रभावामुळे १८८१ साली रविवारी मद्यगृहे बंद ठेवण्याचा कायदा झाला. पुढे १९६१ च्या कायद्याने तेथे या प्रश्नावर दर सात वर्षांनी स्थानिक मतदान घेण्याची तरतूद केली. पहिल्या मतदानात आठ परगण्यांनी बंदी कायम ठेवली. त्यानंतर प्रत्येक खेपेस बंदीचा प्रदेश आकसत गेला आणि १९९६ मध्ये ड्वीवॉर या अखेरच्या जिल्ह्यानेही ती उठविली. मद्यविक्रीच्या काळाविषयी सामान्य मतदारास थेट कौल देता आला, असे इंग्लंड-वेल्सच्या इतिहासातील हे बहुधा एकमेव ठळक उदाहरण होय.

पहिल्या महायुद्धाने वेळांचे स्वरूप पालटले. ऑगस्ट १९१४ मध्ये मुख्य पोलीस अधिकाऱ्याच्या शिफारशीवरून वेळा कमी करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना मिळाला. १९१५ मध्ये नेमलेल्या केंद्रीय नियंत्रण मंडळाने दारूगोळ्याचे कारखाने असलेल्या व अन्य अनेक भागांत दिवसाकाठी केवळ साडेपाच तास विक्री ठेवली व दुपारी मद्यगृहे बंद ठेवणे सक्तीचे केले. जर्मनी व ऑस्ट्रिया यांपेक्षाही मद्य हा मोठा शत्रू आहे, असे लॉइड जॉर्ज यांनी त्या वर्षी म्हटले होते. युद्ध संपले, पण दुपारची सुट्टी राहिली. १९२१ च्या कायद्याने लंडनमध्ये नऊ तास व रात्री ११ पर्यंत, तर अन्यत्र आठ तास व रात्री १० पर्यंत विक्रीस मुभा दिली; दंडाधिकाऱ्यांना त्यात अर्ध्या तासाची वाढ करता येई. परिणामी शेजारच्या दोन भागांतील वेळा वेगवेगळ्या असत. लंडनमध्ये ऑक्सफर्ड रस्त्याच्या उत्तरेकडील काही मद्यगृहे साडेदहाला बंद झाली, की तेथील मंडळी रस्ता ओलांडून सोहो भागात उरलेला अर्धा तास घालवीत. दुपारची सक्तीची सुट्टी १९८८ मध्ये गेली. रात्रीची ११ ची मर्यादा सर्वसाधारणपणे टिकली.

या मर्यादेपलीकडे जाण्याचा मार्ग संगीत व नृत्य यांतून जात असे. १९६० नंतरच्या व्यवस्थेत करमणुकीचा परवाना परिषदेकडून व विशेष वेळांचे प्रमाणपत्र दंडाधिकाऱ्यांकडून घेतल्यास रात्री दोनपर्यंत, आणि लंडनच्या वेस्ट एंड भागात तीनपर्यंत मद्य देता येई. एकाच जागेस दोन सत्तांकडे जावे लागे. शिवाय ११ च्या ठोक्याला हजारो लोक एकदम रस्त्यावर येतात व त्यातून मारामाऱ्या होतात, अशी पोलिसांची तक्रार होती. १० जुलै २००३ रोजी राजसंमती मिळालेल्या व २४ नोव्हेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या परवाना कायद्याने एकसमान वेळ रद्द केली व दोन्ही अधिकार परिषदेच्या परवाना समितीकडे सोपविले. चोवीस तास मद्यविक्री होणार म्हणून वृत्तपत्रांनी मोठा गहजब केला. प्रत्यक्षात बहुतेक मद्यगृहांनी एखाद-दुसऱ्या तासाचीच वाढ घेतली. शासनाच्या २००८ मधील पाहणीत गुन्ह्यांचे एकूण प्रमाण वाढल्याचे दिसले नाही, मात्र काही हिंसक प्रकार पहाटे तीननंतरच्या काळात सरकल्याचे आढळले.

नव्या व्यवस्थेचे मर्म तिच्या कार्यपद्धतीत आहे. अर्जावर पोलीस, पर्यावरण-आरोग्य खाते वा रहिवासी यांनी आक्षेप घेतला नाही, तर परिषदेस तो मंजूर करावाच लागतो. आक्षेप आल्यास तीन सदस्यांची उपसमिती सुनावणी घेते. पण तिला गुन्हे व अव्यवस्था यांस प्रतिबंध, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवास प्रतिबंध व बालकांचे संरक्षण या चार उद्दिष्टांपुरताच विचार करता येतो. स्कॉटलंडच्या २००५ च्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हे पाचवे उद्दिष्ट आहे. इंग्लंडमध्ये ते जाणूनबुजून वगळलेले राहिले, ही या कायद्यातील मोठी उणीव होय. निर्णयावर अपील पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडेच जाते. विरल परिसरातील एका मद्यगृहास परिषदेने वाढीव वेळ दिली असता रहिवाशांच्या अपिलावरून दंडाधिकाऱ्यांनी ती कमी केली. मधल्या काळात वाढीव वेळेचा त्रास झाल्याचा पुरावा नसताना केवळ भीतीपोटी असे करता येणार नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने २००८ मध्ये तो निर्णय रद्द केला. उलट सोहोमधील एका मद्यगृहाबाहेरील गोंगाटाच्या प्रकरणात अपील न्यायालयाने २०११ मध्ये परिषदेच्या बाजूने कौल देताना असे प्रतिपादन केले, की परवान्याचा निर्णय हा न्यायनिवाडा नसून धंदा, ग्राहक, रोजगार व शेजाऱ्यांची शांतता यांचा तोल साधणारा प्रशासकीय निर्णय आहे. परिषदेच्या सत्तेचे इतके नेमके वर्णन मूळ कायद्यातही आढळत नाही.

मद्यगृहांची दाटी झालेल्या भागात नव्या परवान्यांस प्रतिकूल धोरण स्वीकारण्याची मुभा परिषदांना आहे. २०१८ पासून तिला वैधानिक आधारही मिळाला. लंडनच्या हॅक्नी परिषदेने जुलै २०१८ मध्ये नव्या जागांसाठी आठवड्यातील दिवशी ११ व शुक्रवार-शनिवारी मध्यरात्र ही सर्वसाधारण मर्यादा घातली. नव्या घरांतून राहावयास आलेल्यांची झोप आणि त्या भागास नावारूपास आणणारे रात्रीचे जीवन यांत परिषदेने झोपेची बाजू घेतली, अशी टीका झाली. लोकमत अजमावताना बहुतेकांनी विरोध नोंदविला असूनही धोरण संमत झाले. मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत एखाद्या भागातील विक्री सरसकट थांबविण्याचा अधिकार मात्र परिषदांनी वापरला नाही. हार्टलपूल व ब्लॅकपूल यांनी त्याचा विचार करून तो सोडून दिला. मध्यरात्रीनंतर विक्री करणाऱ्यांवरील पोलीस-खर्चाची आकारणी २०१३ मध्ये न्यूकासलने प्रथम सुरू केली. तिचे अनुकरण थोड्याच परिषदांनी केले. परवाना शुल्काचे दर केंद्र शासन ठरवीत असल्याने रात्रीच्या व्यवहाराचा खर्च परिषदेवर व लाभ व्यापारावर, असा विषम वाटा पुष्कळ ठिकाणी पडला. लॉर्ड्‌स सभेच्या एका समितीने एप्रिल २०१७ मध्ये परवाना समित्यांच्या कामकाजावर कठोर टीका करून त्या बरखास्त कराव्यात व त्यांचे काम नियोजन समित्यांकडे द्यावे, अशी शिफारस केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शासनाने ती अमान्य केली.