पाळीव बदकाचे मूळ: खाकी कॅम्पबेल, पेकिन आणि मस्कोव्ही यांची वंशावळ

गाय म्हटली की देवणी आणि लाल कंधारी, शेळी म्हटली की उस्मानाबादी. बदकाच्या बाबतीत मात्र मराठवाड्याची स्वतःची नावाजलेली जात नाही. आसामची पाती, बिहारची मैथिली, केरळची कुट्टनाड ही नावे दूरची आहेत. त्यामुळे नांदेड-लातूर भागात बदकपालन सुरू करायचे तर पिल्ले बाहेरूनच आणावी लागतात, आणि ‘खाकी’, ‘पांढरी’, ‘लाल तोंडाची’ एवढ्याच ओळखीवर ती विकत घेतली जातात. या ओळखीमागे दोन निरनिराळे वंश आहेत. आपले बदक कोणत्या वंशाचे हे माहीत नसेल, तर अंडी किती दिवस उबवायची आणि नर कोणता ठेवायचा, हे दोन्ही निर्णय चुकू शकतात.

मॅलार्डचा वंश

मस्कोव्ही सोडले तर जगातील जवळपास सर्व पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून आली आहेत. मॅलार्डच्या नराचे डोके चमकदार हिरवे, गळ्यात पांढरी कडी आणि छाती तपकिरी असते. चीनमध्ये किमान दोन हजार वर्षांपासून हे बदक पाळले जाते. खाकी कॅम्पबेल, पांढरे पेकिन, इंडियन रनर ही सगळी याच घराण्यातली. दिसायला ती एकमेकांपासून कितीही वेगळी असली, तरी त्यांचा आपसात संकर होतो आणि पुढची पिढीही प्रजननक्षम असते.

या वंशाची खूण शेपटीवर असते. वयात आलेल्या नराच्या शेपटीवरची दोन-चार पिसे वर वळून गोल होतात. रानातल्या मॅलार्डला ही पिसे असतात आणि पांढऱ्याशुभ्र पेकिनलाही असतात. चार्ल्स डार्विनने घरच्या आणि रानातल्या बदकांची हाडेही तपासली होती. पाळीव बदकात एकूण सांगाड्याच्या मानाने पंखाची हाडे हलकी आणि पायाची जड झाल्याचे त्याने १८५९ च्या ग्रंथात नोंदवले. उडणे कमी झाले, चालणे वाढले, असा त्याचा अर्थ त्याने लावला.

खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमध्ये अॅडेल कॅम्पबेल यांनी तयार केली. त्यांनी भरपूर अंडी देणाऱ्या इंडियन रनर मादीचा रुआँ जातीच्या नराशी संकर केला आणि पुढे त्यात रानटी मॅलार्डचे रक्तही मिसळले. खाकी रंगाचा प्रकार १९०१ च्या सुमारास पुढे आला. चांगल्या व्यवस्थापनात ही मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देऊ शकते. इंडियन रनरच्या नावात ‘इंडियन’ असले तरी तिचे मूळ इंडोनेशियाच्या बेटांवरचे आहे. तेव्हा ‘भारतीय जात’ म्हणून कोणी जादा भाव सांगितला तर हे लक्षात ठेवावे.

पेकिन ही चीनची मांसासाठीची जात. तिचा जनुकीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या पिसांचा संबंध एमआयटीएफ या जनुकातील बदलाशी असल्याचे त्यात आढळले. मोठ्या शरीरामागे आयजीएफ२बीपी१ हे जनुक आहे. हे जनुक पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर शांत व्हायला हवे, पेकिनमध्ये ते चालूच राहते. पिढ्यानपिढ्या पांढरी आणि वजनदार बदके निवडत गेल्याने हे बदल कळपात पक्के झाले.

आपल्या तलावांवर बारमाही दिसणारे हळदी-कुंकू बदक मॅलार्डचे जवळचे नातेवाईक आहे. चोचीच्या टोकाचा पिवळा रंग आणि कपाळाजवळचे तांबडे ठिपके यांवरून त्याला हे नाव पडले. ते घरच्या बदकांचा मूळ पूर्वज नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते संरक्षित असल्याने त्याची अंडी किंवा पिल्ले आणून पाळणे हा गुन्हा ठरतो.

मस्कोव्ही वेगळे

चेहऱ्यावर लाल मांसल गाठी असलेले, जड अंगाचे आणि क्वॅक-क्वॅक न करणारे बदक म्हणजे मस्कोव्ही. त्याचा नर फुसफुसल्यासारखा आवाज काढतो. मॉस्कोशी त्याचा संबंध नाही. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, तिथल्या आदिवासींनी पाळीव केलेले हे बदक युरोपात सोळाव्या शतकात पोहोचले. नराच्या शेपटीवर वळलेली पिसे नसतात आणि तो मादीच्या जवळपास दुप्पट वजनाचा होतो.

मस्कोव्ही नर आणि पेकिन किंवा खाकी मादी यांचा संकर होतो, पण पिल्ले खेचरासारखी वांझ निघतात. तैवान आणि फ्रान्समध्ये मांसासाठी असा संकर मुद्दाम केला जातो. ज्याला अंड्यांचा कळप वाढवायचा आहे, त्याने मात्र खाकी माद्यांत मस्कोव्ही नर सोडू नये. पिल्ले मोठी होतात, खाद्य खातात, आणि पुढची पिढी येतच नाही.

कोंबड्यांपासून दूर का ठेवावे

बर्ड फ्लूच्या विषाणूंचे नैसर्गिक घर म्हणजे पाणपक्षी, त्यात मॅलार्डसारखी रानबदके प्रमुख. विषाणूची चाहूल लावून देणारे रिग-आय नावाचे जनुक बदकात आहे, कोंबडीत नाही, हे कॅनडातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. त्यामुळे अनेकदा बदक संसर्ग होऊनही धडधाकट दिसते, विष्ठेतून विषाणू बाहेर टाकत राहते आणि शेजारच्या खुराड्यातल्या कोंबड्या पटापट मरतात. काही घातक प्रकारांत बदकेही मरतात, तेव्हा बदकाला हा रोग होतच नाही असे समजू नये.

हा धोका आपल्या भागाला परका नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचे निदान झाले. बदके आणि कोंबड्या यांचे गोठे, भांडी, पाणी वेगळे असावे. ज्या शेततळ्यावर हिवाळी रानबदके उतरतात तिथे पाळीव बदके सोडू नयेत. अचानक मरतुक झाली तर मेलेले पक्षी उघड्यावर न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

पाणी, खाद्य आणि उबवण

पाणपक्ष्याचा वंश असला तरी पोहायला तळे लागतेच असे नाही. लातूरसारख्या टंचाईच्या भागात हा मुद्दा महत्त्वाचा. चोच आणि डोळे बुडतील इतके, साधारण पाच-सहा इंच खोल पाणी भांड्यात असावे. डोळे धुता आले नाहीत तर ते चिकटतात. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड बदकाला कधीही देऊ नये. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला बदकाची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांपेक्षा फार लवकर बळी पडतात.

मॅलार्ड वंशाची अंडी २८ दिवसांत फुटतात, मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवसांत. दोन्ही एकाच वेळी यंत्रात ठेवली तर उशिराची अंडी बिघडली समजून फेकली जातात. अंड्यांसाठी सतत निवड झाल्याने खाकी कॅम्पबेल मादी सहसा अंड्यावर बसत नाही. घरगुती प्रमाणात खुडूक गावठी कोंबडीखाली आठ-दहा अंडी ठेवता येतात. तिची सवय २१ दिवसांची असल्याने शेवटच्या आठवड्यात तिच्यावर लक्ष ठेवावे आणि अंड्यांवर रोज कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. मस्कोव्ही मादी स्वतः उत्तम उबवते. तिच्याखाली खाकीची अंडीही ठेवता येतात, फक्त ती वेगळ्या खेपेला ठेवावीत आणि ठेवल्याची तारीख अंड्यावर पेन्सिलीने लिहावी.